त्या प्रेसला गार्ड असता तर

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी असते. शाळा मात्र चालू असतात, त्यामुळे दुपारी लांडेवाडीच्या सहल केंद्रात तळ्याकाठचे बाक मोकळे मिळतात. मामांना मी तिथे ब्लॅक सॅबथ हा बँड ऐकवत होतो. मामांची हयात प्रेस शॉपमध्ये गेली. भजनापलीकडचं काही त्यांनी मुद्दाम ऐकलेलं नाही. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ सुरू झालं तशी त्यांची मान हलायला लागली.

“आवाज जड आहे,” ते म्हणाले. “मोठ्या प्रेसचा स्ट्रोक आधी तळपायाला कळतो, मग कानाला. तसलं आहे हे.”

मला हेच हवं होतं. मी उत्साहाने सॅबथच्या गिटारवादकाची, टोनी आयॉमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय १७, साल १९६५. पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस. तेव्हाच्या बँडबरोबर युरोपला निघायचं होतं. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला त्या मशीनवर उभा केला. ते काम त्याने आधी कधी केलेलं नव्हतं. प्रेस खाली आली, त्याने हात हिसडला आणि मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तिथेच राहिली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा, आणि गेला तोच. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा सोसेनात म्हणून हलक्या लावल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमात तर त्या तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. तारा सैल, सूर खाली. आत्ता मामांच्या तळपायाला कळला तो हाच आवाज.

“म्हणजे बघा मामा, ती बोटं गेली नसती तर हे गाणं झालं नसतं.”

मामांनी इअरफोन काढला. त्यांच्या उजव्या हाताच्या त्याच दोन बोटांना शेवटचं पेर नाही. म्हणून तर मी ही गोष्ट सांगायला घेतली होती.

“मग ज्याने त्याला त्या मशीनवर उभा केला, त्याचे आभार मानायचे का?”

“आभार कोण मानतंय? पण झालं ते झालं. त्या बोटांमुळे तारा बदलल्या, तारांमुळे आवाज बदलला. हे खोटं कसं म्हणू?”

“खोटं नाही, अर्धं आहे. माझी बोटं गेली तेव्हा कंपनीचा एक साहेब दवाखान्यात आला. माणूस चांगला होता. पाय नसताना डोंगर चढलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगून गेला. आमच्या प्रेसला सेन्सर नव्हता. दोन हातांनी दाबायची बटणं होती, म्हणजे स्ट्रोक येताना दोन्ही हात बाहेर राहतात. पण टार्गेट गाठायला त्यातलं एक बटण कायमचं बांधून ठेवलेलं असायचं. त्यावर साहेब एक शब्द बोलला नाही.”

“आयॉमीकडेही त्याचा फोरमन आला होता,” मी म्हणालो. “जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन. जँगोचा हात १९२८ साली आगीत भाजला होता, तरी दोन बोटांवर तो गिटार वाजवायचा. आयॉमी त्या फोरमनबद्दल नेहमी कृतज्ञतेनेच बोलतो.”

“बोलावंच. रेकॉर्ड आणणारा माणूस मोठ्या मनाचा. पण रेकॉर्ड म्हणजे गार्ड नव्हे.”

इथे मला आठवलं ते मी सांगितलं. त्याच १९६५ साली ब्रिटनमध्ये पॉवर प्रेसच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम निघाले. आपल्याकडे तर १९४८च्या कारखाने कायद्यातच धोक्याच्या यंत्रभागांना संरक्षक हवा असं कलम होतं. मामांना नियमांचं नवल वाटलं नाही. त्यांना दुसरंच कलम तोंडपाठ होतं: भरपाईच्या १९२३च्या कायद्याचं परिशिष्ट. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईची क्षमता ७ टक्के घटली असं धरायचं, अनामिकेचं एक पेर गेलं तर ५ टक्के.

“१२ टक्के,” मामा म्हणाले. “पखवाजाचे किती, ते त्यात नाही.”

मामा आधी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, हे मला माहीत होतं. मी पाहिलंय ते त्यांना टाळ वाजवतानाच. टाळाला पेरं लागत नाहीत, दोरी मुठीत बसली की झालं. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायचं काम ते अजून स्वतः करतात आणि पखवाज दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवतात.

“त्या पोराला बोटं गेल्यावर हा आवाज सापडला,” ते म्हणाले. “तो त्याने कमावला, मशीनने दिला नाही. तेच मशीन हजारोंची बोटं खातं, त्यांना काय सापडतं? आणि दहा बोटांनी तो काय वाजवणार होता, ते तुला कुठे ऐकायला मिळणार? जे झालं त्याची रेकॉर्ड निघते. जे व्हायचं राहिलं त्याची निघत नाही. म्हणून अपघात दर वेळी तुझ्या बोलण्यात जिंकतो.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हट्ट मात्र होता. ५ जुलै २०२५ला, ७७ वर्षांचा आयॉमी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम वाजवत होता. त्या आवाजावर जगभरच्या पोरांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्यात भोसरीचा मीही एक. हे सगळं वजा करून जग बरं झालं असतं, असं म्हणायला जीभ वळेना.

“मग मी ऐकूच नये का?”

“असं कोण म्हणालं? मला आवडलं ते. पुन्हा ऐकेन. त्याचं दुखणं नाही ऐकू येत मला त्यात, त्याची रग ऐकू येते. ऐकण्यात पाप नाही. फक्त हिशेब चुकवू नकोस. आता एक सांग. तुला त्या दिवशी त्या कारखान्यात नेऊन सोडला. हातात पाना आहे, समोर प्रेस आहे, गार्ड बसवायला दहा मिनिटं आहेत. आणि तुला माहीत आहे की गार्ड बसला की हे गाणं नाही. बसवशील?”

मी इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत बसलो. मनात आधी गिटार आली, मग ते पोरगं, मग पुन्हा गिटार. आणि मग सरकवलेला तो पखवाज.

“बसवीन,” मी म्हणालो.

“वेळ लागला तुला.”

“लागला.”

“बरं झालं. चटकन बोलला असतास तर मी म्हटलं असतं, याला गाणं आवडतच नाही.”