कासवीची दृष्टि



कासवी आपल्या पिलांस पान्ह्याने नव्हे तर दुरून नुसत्या दृष्टीने वाढविते, असे आपल्या देशातील वडील माणसे सांगत आली आहेत. ईयोबाच्या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायात मात्र शहामृगीचे वर्णन आहे, ते उलट. ती अंडी धुळीत टाकून जाते, व कोणाच्या पायाखाली ती फुटतील ह्याचे तिला भान नसते. खरी कासवी पाहिली तर ती ह्या शहामृगीचीच बहीण होय.

आमच्या मारुंजीस समुद्र नाही. येथे उघड्या रानात अंडी घालणारी ती टिटवी. तिचा आक्रोश ऐकून औत बाजूस घेणारे शेतकरी आपल्यात होते. आता त्या रानांत उंच इमारती उभ्या आहेत, आणि शुक्रवारी रात्री तेथून मोटारी ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतात. त्या जेथे जातात तेथील ही हकीकत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणवीसांचे गाव ते हेच. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री वाळूवर चढते, मागल्या पायांनी हातभर खोल खड्डा करिते, शंभराच्या आसपास अंडी घालिते, वाळू सारखी करिते आणि समुद्रात निघून जाते. पिलांचे तोंड ती पाहात नाही. पूर्वी ती अंडी माणसे काढून नेत. उरत ती कोल्ही व कुत्री उकरीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे श्री. भाऊ काटदरे व त्यांचे सोबती समुद्रगरुडाची घरटी शोधीत असता त्यांस वाळूत फुटकी टरफले आढळली. त्यांनी गावकऱ्यांस समजाविले, वनखात्याचे साह्य घेतले. आणि ज्या गावात अंडी खाल्ली जात, त्याच गावचे लोक राखणदार झाले.

त्यांची चाकरी साधी आहे, पण चुकवून चालत नाही. उजाडण्यापूर्वी किनारा चालावयाचा, कासवीच्या वल्ह्यासारख्या पायांची खूण ओळखावयाची, अंडी काही तासांच्या आत उचलून जाळीच्या कुंपणात तितक्याच खोल पुरावयाची. अंडे उलटे झाले तर आतील जीव मरण्याचे भय असते, म्हणून जसे निघाले तसेच ठेवितात. पुढे सुमारे पन्नास दिवस वाट पाहाणे. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. पिले निघाल्यावर त्यांस पाण्यात सोडीत नाहीत, वाळूवर ठेवितात. ती आपल्या पायांनी जातात. त्यांतील हजारात एखादेच मोठे होते असे जाणते लोक म्हणतात.

येथे आम्ही थोडे थांबतो. हे पाहाण्यास आता लोकांची रीघ लागते, व वेळासकर त्यांस आपल्या घरी उतरवून घेतात. त्यात दोघांचेही बरे आहे. परंतु आता नुसत्या चोराचेच भय राहिले नाही, तर कौतुकाने आलेल्याचेही आहे. पिलू उजेडाकडे धावते. रात्री समुद्रावरचे आभाळ उजळ दिसते म्हणून ते तिकडे वळते. किनाऱ्यावर विजेचा दिवा असला तर गावाकडे वळून मरते. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर खानावळी, खुर्च्या व रोषणाई ह्यांच्यामध्ये कुंपण घालून घरटी राखावी लागतात. प्रीतीने आलेला पाय वाळू तुडवितो तेव्हा तो हलका पडत नाही.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी लहानशी आज्ञा आहे: पिलांवर बसलेल्या आईस धरू नये. सेमिनरीत आम्ही तीवरून भरभर पुढे गेलो, हे कबूल करितो. हात आवरणे ही देखील प्रीति आहे, हे आम्हास फार उशिरा कळले. आपल्या लेकरांस वाळूवर चालू न देता आम्ही किती वेळा उचलून पाण्यात ठेविले आहे! वेळासच्या राखणदारांस पिलू उलटे पडलेले दिसते, तरी ते पुष्कळदा नुसते पाहात उभे राहातात. कासवीची दृष्टि ती हीच असावी.

ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ साली पायास खूण बांधलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालिताना सापडली. सगळा दक्षिण समुद्र वळसा घालून ती आली. तिची अंडीही तेथील लोकांनी राखिली.

येत्या मार्चात आमच्यातील काही तरुण वेळासला जाणार आहेत. बॅटऱ्या घरी ठेवाव्या, दोरीच्या अलीकडे उभे राहावे, व मोबाईलचा दिवा लावू नये, असे आम्ही त्यांस सांगितले आहे. एकाने विचारिले, मग अंधारात दिसेल काय? सकाळी सातच्या सुमारास सोडितात, तेव्हा पुरेसे दिसते.