भिंतीवरची देवी

गेल्या हिवाळ्यात वाशिंदला एक विद्वान व्याख्यानाला आले होते. कसारा लोकलने उभ्याने आल्यामुळे असेल, सुरुवातीपासूनच तापलेले होते. त्यांनी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाला उभं-आडवं सोललं. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिथे पोराला पौरोहित्याचा अधिकार मिळतो, त्याच्या आजीला मरेपर्यंत नाही. ज्यांच्या देवघरात आई नाही त्यांच्या घरात बाईला कोण विचारणार? आपल्याकडे देवी आहे, असं म्हणून ते थांबले. टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

एक तर माहिती अर्धी. मॉर्मनांच्या स्वर्गात आई आहे. त्यांची कवयित्री एलायझा स्नो हिच्या १८४५ सालच्या गीतातही ती आहे. फक्त तिची प्रार्थना करायची नाही, असं त्यांचे नेते गॉर्डन हिंकली यांनी १९९१ साली बजावलं. बायकांना पौरोहित्य द्या म्हणणाऱ्या केट केलीला २०१४ साली पंथाबाहेर काढलं. आई घरात आहे, पण जे काय बोलायचं ते वडिलांशीच बोला. शहापूर तालुक्यात यात कुणाला नवल वाटेल?

पण माझा खरा राग वेगळा होता. देवी दाखवून टाळ्या घेणाऱ्या या गृहस्थांना आमची धवलारीण ठाऊक नव्हती. वारल्यांची धवलेरी म्हणा, आगऱ्यांची धवलारीण म्हणा. ती धवले गात लग्न लावते. भटजी नाही, पोथी नाही, विधी तिच्या गळ्यात. स्त्री-पुरोहित ही पुण्याने लावलेली कलमं, असं समजणाऱ्यांनी एकदा आमच्या पाड्यांवर यावं. हे सगळं लिहून व्याख्यात्यांच्या तोंडावर मारायचं, असं ठरवूनच मी लेखणी उचलली.

धवले म्हटल्यावर महदाईसा आठवल्याशिवाय राहत नाही. तेराव्या शतकातली ही महानुभाव बाई. रिद्धपुरात पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाची लहर आली, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले आणि मराठीची आद्य कवयित्री ठरली. आपण तिला कवयित्री म्हणून पाठ्यपुस्तकात बसवलं आणि सुटलो. मला ती प्रश्न विचारणारी म्हणून जास्त आवडते. पंथाचे संस्थापक चक्रधर यांना तिने इतकं छेडलं की तिच्या जिज्ञासेचं कौतुक खुद्द त्यांनीच केलं. विटाळ हा शरीराच्या इतर मळांसारखाच, असं सांगणारे ते गुरू; त्यांच्यापुढे बाईने वाद घालण्यात अपराध नव्हता. तरी चक्रधरांनंतर पंथाची धुरा गेली नागदेवाचार्यांकडे. प्रश्न बाईचे, गादी पुरुषाची. मुक्तीच्या बाबतीत उदार असलेले लोक खुर्चीच्या बाबतीत एकदम हिशेबी होतात.

आणि महदाईसा विधवा होती.

इथे माझी लेखणी अडली. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. तो लिहायचा सवाशिणींनी. विधवेचा हात त्या भिंतीला चालत नाही. म्हणजे मराठीतले पहिले नावानिशी ठाऊक असलेले धवळे गाणाऱ्या बाईला आमच्या पाड्यावर देवीची एक रेघ ओढता आली नसती! शिवाय लग्न धवलेरीकडे असलं, तरी आजार-बाधेचा निवाडा भगताकडे, आणि भगत बहुधा पुरुष. कोण भुताळी, म्हणजे चेटकीण, ते तो ठरवणार. जोडायचा अधिकार बाईला, बाईला तोडायचा पुरुषाला. व्याख्यात्यांना मारायला उचललेला दगड मी खाली ठेवला. मॉर्मन बायकाही एकोणिसाव्या शतकात आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत. पुढे ते काम पुरुषांपुरतं राहिलं. लिहून न दिलेला अधिकार काढून घेताना कागदही फाडावा लागत नाही. आमच्या धवलारणीच्या हाती तरी कुठला कागद आहे? आता लग्नाला भटजीही येतो, माइक त्याच्याकडे, उरलेला आवाज डीजेचा, आणि लग्नपत्रिकेत तिचं नाव शोधून सापडत नाही.

वैशाखात एका पाड्यावर लग्नाला गेलो होतो. आत तिघी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत होत्या. उंबऱ्याबाहेर एक म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं. एका पोरीचा हात चुकला तशी ती बाहेरूनच ओरडली, “वर नको नेऊ, तिथंच वळव.” पोरीने रेघ पुसली आणि वळवली.

मी म्हातारीला विचारलं, “यांना शिकवलं कोणी?”

“मीच,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.