अजाणता घडलेली हिंसा

मारण्याचा हेतू नसताना जीव मेला, तर कर्त्यास दोष लागतो काय? गिधाडांच्या ऱ्हासाने हा जुना प्रश्न नव्याने उपस्थित केला आहे.

सन १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा ९९हून अधिक घटली. त्याचे कारण २००४ मध्ये उघडकीस आले. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेले जनावर मेले, आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. औषध देणाऱ्याच्या मनी तर गुराविषयी दयाच होती.

याचे उत्तर असे की, अज्ञान आहे तोवर शुद्ध हेतू दोष हलका करतो. ज्ञान झाल्यावर ती सबब उरत नाही. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्यायही मिळाला. तरीही माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या; म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही बंदी घालावी लागली. या हिंसेला अजाणता म्हणता येणार नाही.

गिधाड अशुभ मानलेले. पण मृत जनावरे फस्त करून शिवार स्वच्छ राखणारे तेच. जीव एकमेकांच्या आश्रयाने जगतात, म्हणून एक जात नाहीशी झाल्याची हानी इतरांनाही भोगावी लागते. गाईपाशीच थांबणारी दया अपुरी होय. गुरास सुई टोचण्यापूर्वी औषध कोणते हे विचारणे, हेही भूतदयेचेच आचरण आहे.