वकीलपत्रावर सही करण्याआधी

लेक सासर सोडून माहेरी आली, की दोन दिवस रडण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी मामा, चुलते, भाऊ बैठकीला बसतात. ठराव आधीच झालेला असतो : “एखादा तगडा वकील बघा. त्यांना तारखांना फिरवू, म्हणजे कळेल.” तिकडे नवऱ्याच्या घरीही हीच बैठक भरते आणि हाच ठराव होतो. दोन्हीकडे मानपान, लग्नाचा खर्च, दागिने, अब्रू या सगळ्यांचा हिशेब निघतो. पाच-सहा वर्षांच्या लेकराने उद्यापासून कोणत्या शाळेत जायचे, याचा हिशेब कुणी काढत नाही.

घटस्फोटासाठी वकील करणे म्हणजे समोरच्याला धडा शिकवणे, ही आपली समजूत लेकरांच्या मुळावर उठली आहे. ती आता सोडली पाहिजे. वकील असा करावा, जो पहिल्याच भेटीत विचारील, “मुलाचे काय ठरवले आहे?”

कायद्याचा कलही हाच आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने ही न्यायालये मुद्दाम वेगळी काढली. तिथे न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, मदतीला विवाह समुपदेशक असतात आणि पक्षकारांनी मागितले तर सुनावणी बंद दाराआड होते. या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार तिथे वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. परवानगी सहसा मिळते, पण कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते यातून कळते. नवरा-बायकोने आपले दुःख आपल्या तोंडाने सांगावे आणि वकिलाने त्यांना वाट दाखवावी, अशी ती कल्पना होती. आपण त्या जागी कुस्तीचा फड उभा केला.

वकिलाने काय लिहावे आणि काय लिहू नये, याचा मोठा धडा आपल्याच शहरातल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिलेला आहे. १९८१ पासून मराठवाड्याची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या या खंडपीठापुढे एक प्रश्न वारंवार येत होता. मुस्लिम पत्नीने पोटगी मागितली, की नवऱ्याच्या कैफियतीत एक ओळ येई : “मी हिला पूर्वीच तलाक दिला आहे.” कधी, कुठे, कोणासमोर, कशासाठी, याचा पत्ता नसे, पोटगी चुकवायला ती ओळ पुरे. २००२ मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात पूर्णपीठाने सांगितले, की नुसते लिहून किंवा साक्षीत बोलून तलाक सिद्ध होत नाही. त्यामागे सबळ कारण होते आणि आधी दोन्ही घरच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे पुराव्याने दाखवावे लागेल. त्याच वर्षी शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. १९६६ साली समाजसुधारक हमीद दलवाईंनी मोजक्या महिलांना घेऊन तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हापासून ज्या न्यायासाठी आक्रोश चालला होता, त्यातला एक टप्पा मराठवाड्याच्या भूमीवर गाठला गेला. याचा अभिमान बाळगावाच. पण ती ओळ कैफियतीत लिहून देणारे हात शिकलेल्यांचे होते, हेही विसरू नये.

हिंदू घरांनी यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘बाँडवरची काडीमोड’ जोरात चालते. स्टॅम्प पेपर आणायचा, टंकलेखकाकडून चार ओळी लिहून घ्यायच्या : आमचे पटत नाही, आजपासून आमचा संबंध नाही, एकमेकांविरुद्ध कसलीही तक्रार नाही, पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे. दोन पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, की झाले मोकळे. प्रत्यक्षात कोणीही मोकळे झालेले नसते. एखाद्या समाजात काडीमोडीची पूर्वापार रूढी असेल, तर हिंदू विवाह कायदा ती मानतो, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. एरवी हुकूमनाम्याशिवाय लग्न मोडत नाही. त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न झाले, तर ते कायद्याने रद्दबातल ठरते आणि एकीऐवजी दोघी देशोधडीला लागतात. असा कागद करून देणारा वकील स्वस्त वाटतो. त्याची खरी किंमत पुढे दहा वर्षे बाईला मोजावी लागते.

आता लेकराकडे वळू. न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेच्या दिवशी जरा थांबून पाहा. आजी नाहीतर आत्या लेकराला मांडीवर घेऊन घोकून घेत असते : “साहेबांनी विचारले, कोणाकडे राहायचे, तर काय सांगशील?” लेकरू पाठ केलेले उत्तर देते आणि त्याच व्हरांड्यात पलीकडे उभ्या असलेल्या बापाकडे किंवा आईकडे बघायचे टाळते. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ते कर्णपुऱ्याची जत्रा पाहून आले, त्याला ओळख न दाखवण्याची तालीम आपण त्याला देत असतो. ही क्रूरता आहे. ती प्रेमापोटी होते, म्हणून कमी होत नाही.

१८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्ही शेवटी एकाच मुद्द्यावर येतात : मुलाचे हित. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे असे कायदा म्हणतो, तेही त्याच्या हितासाठीच. समजत्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेते, पण तेच अखेरचे मानत नाही. ताब्याचा हुकूमही कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो. म्हणून “ताबा जिंकून देतो” म्हणणाऱ्या वकिलापासून चार हात दूर राहावे.

चांगल्या वकिलाची पारख त्याच्या मसुद्यात होते. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. या अर्जांत बहुधा एक ठरीव वाक्य असते : “मुलाचा ताबा आईकडे राहील व वडिलांना भेटीचा अधिकार राहील.” भांडणाची पुढची दहा वर्षे या एका वाक्यात दडलेली असतात. भेट कोणत्या वारी, किती वाजता, कुठे? आणायला-पोचवायला कोण? दिवाळी कोणाकडे, उन्हाळ्याची सुटी कशी वाटायची? शाळेची फी कोण भरणार? आजारपणात दुसऱ्याला कधी कळवायचे? कष्टाळू वकील हे सारे लिहून काढतो. आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाच्या पोटगीचा हक्क तिला सोडून देता येत नाही, हेही तो बजावतो. नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकत आणि मालमत्ता शपथेवर उघड करावी, असा दंडक घातला. तिथे “पगार लपवू, बेकार दाखवू” असा सल्ला देणारा माणूस आपल्या पक्षकाराला खोट्या शपथेच्या खड्ड्यात ढकलतो आणि लेकराच्या ताटातला घास काढून घेतो.

कोणी म्हणेल, असे सामोपचाराचे बोलणे मार खाणाऱ्या बाईला पुन्हा त्याच घरात लोटते. ही शंका खरी आहे. म्हणून स्पष्ट सांगतो : जिथे मारहाण आहे, तिथे समेटाचा आग्रह धरणे पाप आहे. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. वकिलाने त्याच दिवशी अर्ज करायला हवा. पण खऱ्या चार घटनांना खोट्या चारची जोड दिली, की उलटतपासणीत खोट्या उघड्या पडतात आणि खऱ्यांवरचाही विश्वास उडतो. बाईचा घात तिथे होतो.

आणि वकील कोणाचा, तर जिचा संसार मोडतो आहे तिचा. कार्यालयात भाऊ बोलतो, मामा बोलतो, ती ओढणीचे टोक मुठीत धरून गप्प बसते आणि बोट दाखवतील तिथे सही करते. हे थांबले पाहिजे. अर्ज तिला मराठीत वाचून दाखवायला हवा, प्रत तिच्याजवळ हवी. पैसे नाहीत म्हणून अडायचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. फीची पावती मागावी. एकरकमी पोटगीत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. पटले नाही तर वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराचा असतो.

माणिकचंद पहाडे यांच्या नावाच्या विधी महाविद्यालयाने या शहराला वकिलांच्या पिढ्या दिल्या, आता राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तिथल्या तरुण मुलामुलींनी हे काम ‘फॅमिली मॅटर’ म्हणून दुय्यम मानू नये. मोडत्या घरातून एक लेकरू सुखरूप बाहेर काढणे ही वकिली विद्येची कसोटी आहे. आणि घराघरांतल्या बैठकींनी तगडा वकील शोधण्याआधी आई आणि बाप दोघांकडून मुलाची शाळा, खर्च आणि भेटी यांचा कागद लिहून घ्यावा. तो कागद घेऊन जो वकील कामाला लागेल, त्याच्याच वकीलपत्रावर सही करावी.