‘सुखरूप आहे’ या शब्दांविषयीं

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलामुलींचें पहिलें वर्तमान बहुधा दोन शब्दांचें असतें: ‘सुखरूप आहे.’ घरून जाणारें उत्तरहि तितकेंच आटोपशीर असतें: ‘इकडे सर्व कुशल.’ हे शब्द पुष्कळ वेळां खरे नसतात. सांगणारास तें ठाऊक असतें, आणि ऐकणारासहि थोडाबहुत संशय असतोच. तरी या व्यवहारास आपण लबाडी म्हणत नाहीं, माया म्हणतों. ही माया कोठपर्यंत निर्दोष आणि कोठून पुढें सदोष, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तो आम्हांस ग्रंथांत सांपडला नाहीं. सातारच्या एका परिचित बाईंनीं तो आमच्या दारीं आणून ठेविला.

या बाईंचें माहेर सांगली जिल्ह्यांत, तासगांवच्या बाजूस. धाकटा भाऊ द्राक्षबागाईतदार. त्याची मुलगी सांगलीस पदवी घेऊन एका वर्षाच्या उच्च शिक्षणासाठीं सप्टेंबरांत इंग्लंडमधील एका विद्यापीठांत गेली. राहतें घर तारण ठेवून बँकेचें कर्ज काढलें होतें, आणि उरलेला खर्च यंदाच्या द्राक्षांतून भागवावयाचा होता. मुलगी रोज सायंकाळीं दूरध्वनीच्या पडद्यावर दिसे, हंसे, आणि सर्व ठीक आहे म्हणे.

आत्याला मात्र तिनें निराळें सांगितलें. तेथें अध्यापक थोडें बोलतात व पुष्कळ वाचावयास लावतात. चर्चेच्या तासास प्रत्येकानें आपलें मत मांडावें अशी अपेक्षा. आणि ‘तुझें मत काय?’ हें तर तिला सोळा वर्षांच्या शिक्षणांत कोणीं विचारलेंच नव्हतें. पहिल्या तासास ती गप्प बसली. दुसऱ्या तासास बोलली, तें वाक्य अर्ध्यावर राहिलें. सामाईक स्वयंपाकघरांत फोडणी दिली, तों धुरानें आगीची घंटा वाजली, आणि सारी इमारत थंडींत बाहेर येऊन उभी राहिली. तेव्हांपासून ती पाव आणि दूध यांवर दिवस काढीत होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास मागें गेलीं. घराशीं असलेलें साडेचार तासांचें अंतर साडेपांच झालें, आणि पांचाच्या आंतच अंधार पडूं लागला. शेजारच्या खोलींत अमेरिकेहून आलेली एक मुलगी होती. तिची तर मातृभाषाच इंग्रजी. पण तीहि एका रात्रीं स्वयंपाकघरांत एकटी रडतांना दिसली. आणि घरीं तिनेंहि सर्व ठीकच कळविलें होतें! ‘आत्या, परत यावंसं वाटतं. पण बाबांना सांगूं नकोस,’ असें मुलीनें शपथ घालून सांगितलें.

इकडे भावाचें दुःख वेगळें होतें. बागाईतदार जिला ऑक्टोबर छाटणी म्हणतात, ती होऊन वेलींस घड दिसूं लागले, तोंच पाऊस लागून राहिला. पानांवर दावण्या आला, तो घडांवर उतरला. औषधांच्या फवारण्यांवर पैसा गेला आणि अर्धी बागहि गेली. जानेवारींत फीचा दुसरा हप्ता भरावयाचा. त्यासाठीं त्यानें खाजगी सावकाराकडे शब्द टाकला होता. त्याचेंहि बहिणीला सांगणें एवढेंच: ‘आक्का, पोरीला ह्यातलं काय बी कळवूं नगंस.’

बाई आम्हांस म्हणाल्या, ‘दोघांचं खरं माझ्याजवळ आहे, आणि दोघांशीं मी खोटं वागतें आहे. मी करूं काय?’

शास्त्र येथें एकमुखानें बोलत नाहीं. स्मृतिकारांनीं सत्याला प्रियतेची जोड दिली, पण केवळ प्रिय म्हणून असत्य बोलण्यासहि मनाई केली. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९७ सालच्या एका निबंधांत परोपकारासाठींहि असत्य बोलण्याचा अधिकार नाकारला. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’तील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत सत्याच्या अपवादांची कसून छाननी केली आहे. परंतु हे अपवाद बहुधा शत्रु, चोर आणि प्राणसंकट यांच्या प्रसंगांचे. आमच्या प्रकरणांत शत्रु कोणीच नाहीं. दोन्ही बाजूंस प्रेमच आहे, आणि म्हणूनच निवाडा कठीण आहे.

पूर्वीं हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. सांगलीच्या आग्नेयेस असलेल्या जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ च्या सप्टेंबरांत मुंबईहून निघून ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठीं गेले, तेव्हां टपालास एका बाजूनें सुमारें पंधरवडा लागे. पत्राचें उत्तर हातीं पडेपर्यंत महिना उलटावयाचा. तोंवर लिहिणाराचें दुःख बहुधा जुनें झालेलें असावयाचें. मनांतलें मनांतच ठेवणें ही तेव्हां कांहींशी सोयच होती. आज तें निमित्त उरलें नाहीं. आतां लपविणें म्हणजे नुसतें न लिहिणें नव्हे. रोज ठरल्या वेळीं चेहरा बसविणें, पसारा दिसूं नये म्हणून खोलीच्या बऱ्या भिंतीकडे पाठ करून बसणें. पूर्वींचें मौन आतां नाटक झालें आहे, आणि नाटकास रोज नवा प्रवेश लागतो.

तरी वेगवान साधनांनीं प्रश्न निर्माण केला असें म्हणतां येत नाहीं. मोहनदास गांधी १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन मुंबईस उतरले, तेव्हां आईच्या भेटीसाठीं ते आतुर झाले होते. ती ते विलायतेंत असतांनाच वारली होती. परक्या मुलखांत हा आघात नको, म्हणून वडील बंधूंनीं ती वार्ता त्यांच्यापासून राखून ठेविली होती. बंधूंचा हेतु निर्मळ होता, आणि कळविल्यानें आई परत येणार नव्हती. तरीहि जी नाहीं तिच्या भेटीची आस त्या पुत्राला लागून राहिली. घरच्यांबरोबर शोक करण्याचा त्याचा वांटा त्याला मिळाला नाहीं. हें हिरावणें क्षम्य आहे, पण त्याला कांहींच किंमत पडत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. लपविलेल्या गोष्टींत दुसऱ्याला कांहीं ठरवावयाचें आहे काय? नसेल, तर थोडा काळ मौन पाळणें ही दया होऊं शकते. फोडणीची फजिती बापाला नाहीं कळली तरी चालेल. पण मुलगी परत येण्याचा विचार करीत आहे, हें न कळतां बाप सावकाराच्या कागदावर सही करणार असेल, किंवा बाग गेली हें न कळतां मुलगी राहण्याजाण्याचा निर्णय करणार असेल, तर तें मौन दुसऱ्याचा हात धरून त्याला डोळे मिटून चालविण्यासारखें आहे. प्रेमानें केलें तरी तें चालविणेंच. यांत आणखी एक सूक्ष्म अपमान आहे. ‘तुला सोसणार नाहीं,’ असें आपण त्याला न विचारतां ठरवितों. आणि ज्याच्या सोसण्यावर आपला विश्वास नाहीं, त्याच्यावरचें आपलें प्रेम अर्धेंच असतें.

शपथ मोडा, असें आम्ही बाईंना म्हटलें नाहीं. ‘दोघांनाहि आठ दिवस द्या, ज्याचें त्यानें सांगावें. न सांगितल्यास आपण सांगूं, हेंहि आधींच बजावा,’ एवढेंच सुचविलें. त्यांनीं तसें केलें. सहाव्या दिवशीं मुलगीच प्रथम बोलली. बाप बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, ‘जेवलीस का?’ आणि त्यानंतर बागेचें सांगितलें. सावकाराचा कागद झाला नाहीं. मुलीनें विद्यापीठास विनंती करून हप्ता लहान तुकड्यांत करून घेतला, आणि ती तेथेंच राहिली. पण तिच्या आईला पुढें कित्येक रात्रीं झोंप लागली नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. सत्याचें हें मोल त्या माउलीनें भरलें. तें भरण्यास ती तयार आहे कीं नाहीं, हें मात्र तिला कोणीं विचारलें नव्हतें. आम्हींहि नाहीं.

ती मुलगी हल्लीं रोज बोलत नाहीं; आठवड्यांतून दोनदां बोलते. पाठीमागें पसारा दिसतो, असें बाई सांगतात.