गाभाऱ्यातली प्रतिकृती

जपानच्या वाकायामा प्रांतातल्या डोंगराळ खेड्यांतून तरुण माणसे केव्हाच शहरांकडे गेली. बऱ्याच देवळांना पुजारी उरला नाही. शेकडो वर्षे जुन्या लाकडी बुद्धमूर्तींची राखण म्हाताऱ्यांवर आली. 2010-11च्या सुमारास अशी देवळे एकामागून एक लुटली गेली. मूर्ती संग्रहालयात न्यावी तर गावाला देव उरत नाही, गावात ठेवावी तर ती कोणत्या रात्री जाईल सांगता येत नाही.

प्रांताच्या संग्रहालयाने यातून काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. तिथल्या तांत्रिक शाळेतली मुले मूर्तीचे थ्रीडी स्कॅन करतात, प्लास्टिकचे भाग छापून जोडतात. विद्यापीठाचे विद्यार्थी ते रंगवतात. झिजलेला मुलामा, डाग, काळवंडलेपण, सगळे मुळाबरहुकूम. मूळ मूर्ती संग्रहालयात सुखरूप राहते आणि प्रतिकृती घेऊन मुले स्वतः गावात जातात. दृष्टिहीनांना मूर्ती हाताने पाहता याव्यात म्हणून हेच संग्रहालय प्रतिकृती करत होते. तोच अनुभव इथे कामी आला.

प्लास्टिकला हात कसे जोडायचे, हा प्रश्न आपल्याला तरी पडू नये. पुरीच्या जगन्नाथाचा कडुनिंबाचा देह नवकलेवर विधीत बदलतात, शेवटचा 2015 साली. जुना देह भूमीत विसावतो. आपल्याकडेही मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि उत्सवमूर्ती पालखीत बसते.

मला काळजी वेगळीच आहे. स्कॅन झाले म्हणजे मूर्ती वाचली, असे वाटू लागणे घातक आहे. असे स्कॅन फक्त पृष्ठभाग टिपते. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, चिरते. वरून धड दिसणारी मूर्ती किड्यांनी आतून पोखरलेली असू शकते. ती पोखरण, जोडलेल्या लाकडी ठोकळ्यांचे सांधे, पोटात ठेवलेल्या पोथ्या पाहायला सीटी स्कॅन लागते. आणि कीड दिसल्यावर उपचार लाकडावरच करावे लागतात. शिवाय जपानमधलेच होर्यूजीचे लाकडी मंदिर तेराशे वर्षे उभे आहे. तितकी वर्षे उघडेल अशी संगणकाची फाइल अजून कुणी केलेली नाही.

कोकणात देवळांच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांब आणि तुळया उतरवून सिमेंटचे मंडप उभे राहतात, तेव्हा वाकायामाची ती शाळकरी मुले आठवतात. तालुक्याच्या आयटीआयमधल्या मुलांना एक स्कॅनर आणि एक जाणता सुतार मिळाला, तर आधी खांबांची नोंद होईल, मग कोणता खांब अजून भार पेलू शकतो हे ठरेल, आणि जो पेलू शकतो तो जागेवरच राहील.