शांत मन आणि सद्गुण

मेंदूतील विद्युत्‌लहरी पडद्यावर पाहत त्या हव्या तशा वळविण्याच्या शिक्षणाला ‘न्यूरोफीडबॅक’ म्हणतात. मानवी मेंदूच्या लहरी हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम नोंदविल्या. त्याच वर्षी आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कैवल्यधाम स्थापिले. मनाला वळण लावण्याची ओढ सर्वत्र सारखीच!

आता निरोगी माणसेही एकाग्रतेसाठी हे शिक्षण घेतात. त्याचा लाभ टिकतो काय? काही प्रयोगांत खोटे संकेत दाखविलेल्यांनाही खऱ्यांइतकाच लाभ झाला. तेव्हा श्रेय यंत्राचे की अपेक्षेचे, हे सांगणे अवघड आहे.

आम्हांस मूळ प्रश्न निराळा वाटतो. शांत मन हे साधन आहे. ते लबाडालाही लाभते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते सद्गुण ही सत्कृत्याकडे वळलेली दृढ वृत्ती होय. ती कृतीने मुरते, देवाच्या कृपेने फुलते. निमोण्यातील एखाद्या माऊलीचे मन जपमाळ करताना भरकटतही असेल. पण शेजारच्या आजाऱ्याला ती रोज न चुकता भाकरी नेऊन देत असेल, तर तिच्या अंतःकरणाला लागलेले वळण कोणते यंत्र मोजणार? मुलांना एकाग्रता अवश्य शिकवू या. मात्र ती कोणासाठी वापरायची, हे आधी शिकवू या.